मांजरपाटावरचा पत्ता

आगमनकाळाचा दुसरा रविवार सरला की आमच्या लोहाऱ्याच्या घरात वेलदोड्याचा आणि भाजक्या रव्याचा वास भरू लागे. मुंबई-वसईकडील वाचकांना नाताळ म्हटला की नेवऱ्या, कुलकुल आणि केक आठवत असतील; गोव्याच्या बांधवांना दोदोल आणि बेबिंका. आम्हा वऱ्हाडातल्या मूठभर कॅथलिक कुटुंबांचे नाताळचे पक्वान्न मात्र साधे होते. दिवाळीला शेजारीपाजारी जे करीत, तेच आम्ही महिना-दीड महिन्याने करीत असू: चिवडा, शंकरपाळे, करंज्या आणि सर्वांत महत्त्वाची नानकटाई.

लोहारा हे यवतमाळ शहराला खेटून असलेले, दारव्हा रस्त्यावरचे गाव. पुढे तेथे औद्योगिक वसाहत आली आणि गाव व शहर यांतली सीमारेषा पुसट होत गेली. परंतु माझ्या बालपणी आजूबाजूला कपाशीची शेतेच अधिक होती. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात आमचा जिल्हा मोडतो. मिस्सासाठी आम्ही यवतमाळला पायी जात असू.

घरात ओव्हन असण्याचा प्रश्नच नव्हता. मैदा, रवा, थोडे बेसन, पिठीसाखर आणि वनस्पती तूप असा सगळा जिन्नस आई घरून घेऊन निघे, आणि मी तिच्यामागे वेलदोड्याची पुडी सांभाळीत चाले. यवतमाळच्या एका बेकरीत दुपारी पावाचा घाणा उतरला की भट्टीत मागे जी मंद आच उरे, ती नानकटाईसाठी नेमकी असे. बेकरीचे मालक एक वृद्ध मुसलमान गृहस्थ होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. भट्टी लाकडांवर आणि वाळल्या पऱ्हाट्यांवर पेटे. आई परातीत तूप-साखर हाताने फेसून पांढरीशुभ्र करी, पीठ मळी, गोळे वळून पत्र्यावर मांडी. आणि चाचा लांब दांड्याच्या फळीने एकेक पत्रा भट्टीच्या पोटात सारीत. अर्ध्या घटकेने पत्रा बाहेर आला की प्रत्येक गोळ्याला मधोमध तडा गेलेला असे. “तडा गेला म्हणजे जमली,” असे चाचा म्हणत. लहानपणी मला ते वाक्य केवळ नानकटाईपुरतेच वाटे.

माझा थोरला भाऊ १९८२ च्या अखेरीस घर सोडून सैन्यात गेला. ‘घर सोडून’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. बाबा गणिताचे शिक्षक होते आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षणही देत. त्यांच्या या थोरल्या मुलाचे दहावीच्या परीक्षेत दोन वेळा गणितच राहिले. घरात आरडाओरडा झाला नाही. बाबांचा स्वभाव तसा नव्हता. ते केवळ बोलायचे थांबले. एके दिवशी नागपूरला सैन्यभरती असल्याचे दादाला कोठूनसे कळले. तो आईजवळून पन्नास रुपये घेऊन गेला आणि भरती होऊनच परतला. ट्रंक भरताना बाबा दारात उभे राहून एवढेच म्हणाले, “वेदीवर सेवा केलेले हात आहेत हे. त्यांत आता बंदूक धरणार.” दादाने मान वर केली नाही. तो गेला. पुढे त्याची पत्रे येत ती आईच्या नावाने. आणि आईला वाचता येत नसल्यामुळे ती वाचून दाखविण्याचे व उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे, म्हणजे बारा वर्षांच्या मुलीकडे आले. बाबा त्या वेळी शेजारच्या खोलीत वह्या तपासीत बसलेले असत. दार मात्र त्यांनी कधी लोटून घेतले नाही.

१९८३ च्या नाताळात दादाला रजा मिळणार नाही असे पत्र आले, तेव्हा आईने जाहीर केले, “पोराले तिकडं कोन देते नानकटाई? आपन पार्सल धाडू.” त्या वर्षी चाचांकडे एक पत्रा जास्तीचा भाजला गेला. आईने वनस्पती तुपाचा रिकामा डबा राखेने घासून लख्ख केला. कापसाच्या मुलखात राहणारी बाई ती. नानकटाई मोडू नये म्हणून तिने घरचा, सरकी काढलेला कापूस थरांमध्ये भरला. डब्याला मांजरपाटाचे कापड घालून मोठ्या सुईने शिवले. त्या कापडावर मी माझ्या फौंटनपेनने पत्ता लिहिला आणि शाई कापडावर अशी पसरली की दादाच्या क्रमांकातला तीन आहे की आठ, ते मलाच ओळखू येईना.

आई रडकुंडीला आली. “लेहून द्या ना जी,” ती प्रथमच बाबांना म्हणाली.

बाबा उठले. त्यांनी शिवण उसवली, नवे कापड घेण्यास सांगितले आणि परसातल्या कोनाड्यातून बिब्बा आणला. परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत, हे जुन्या वाचकांना ठाऊक असेल. चुन्याच्या संगतीने तो काळाकुट्ट होतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. अंगाला लागला तर मात्र फोड उठतात. बाबांनी बोटांना तेल लावले, बोरूचे टोक त्या रसात बुडविले आणि फळ्यावर लिहावे तशा ठसठशीत अक्षरांत पत्ता लिहिला: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, द्वारा ५६ एपीओ. लिहून झाल्यावर म्हणाले, “पत्ता चुकला, तर दुसऱ्याच्या घशात जाईल.” डब्याच्या आत त्यांनी एक ओळही ठेवली नाही.

मी विचारले, “बाबा, यात गाव कुठे आहे?” तेव्हा त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. सैनिक कोठे आहे हे पाकिटावरून कोणाला कळू नये, म्हणून सैनिकी टपालाच्या पत्त्यात गाव नसते. ५६ आणि ९९ या क्रमांकांची दोन सैनिकी टपालघरे हेच त्याचे गाव. देशातल्या कोणत्याही पेटीत टाकलेले पत्र तेथे येते आणि तेथून त्या त्या पलटणीजवळच्या टपालघरात, मग ती बर्फात असो की वाळवंटात, रवाना होते. पुढे त्यांनी वर्गात पिन कोडचा धडा शिकविताना सांगितल्याचेही मला आठवते, की १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात आलेली ही सहा अंकी योजना ज्यांनी आखली, ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ आणि संस्कृत कवीही होते. देशाचे आठ विभाग भूगोलाचे, परंतु नऊ हा आरंभीचा अंक त्यांनी सैन्यासाठी राखून ठेवला. या टपालसेवेतील माणसे जेथे तयार होतात ते केंद्रही दूर नाही. आमच्या विदर्भातच, नागपूरजवळच्या कामठीला आहे. ज्या घरात दादाचे नाव उच्चारले जात नव्हते, त्या घरात त्याच्या पत्त्याविषयी बाबा अर्धा तास बोलले.

जानेवारीत दादाचे पत्र आले. नानकटाई पोहोचली होती, परंतु कापसाचे तंतू तिला असे चिकटले होते, की ‘प्रत्येक नानकटाईला दाढी फुटली होती, आम्ही दाढ्या करून खाल्ल्या.’ आई हसता हसता रडली. शेजारच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. बाबा हसू लपवीत असले म्हणजे त्यांना खोकला येई. पुढच्या वर्षापासून आत तेलकागद आणि बाहेर कापूस अशी व्यवस्था झाली. पत्ता मात्र दर वर्षी बाबाच लिहू लागले. सांगावे लागत नसे. डबा शिवून झाला की आई तो त्यांच्या टेबलावर नुसता ठेवून देई.

वाचकहो, सैनिकाला सणाचा खाऊ पाठविण्याची चाल काही आमच्या घरापासून सुरू झाली नाही. १९१४ च्या नाताळात इंग्लंडची राजकन्या मेरी हिच्या नावाने निधी उभारून आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डबे वाटण्यात आले. इंग्रज शिपायासाठी त्यात तंबाखू किंवा सिगारेटी होत्या. भारतीय शिपायांच्या वाट्याला खडीसाखर आणि मसाल्याची डबी आली. कोणाला काय चालते याचा विचार त्या वाटपात केलेला दिसतो. आणि पुढच्याच नाताळात, डिसेंबर १९१५ मध्ये, मेसोपोटेमियातील कूत येथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, तेथील किल्ल्यावर मोठा हल्ला झाला. एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार इतकी वाढली की विमानांतून पिठाची पोती खाली टाकावी लागली, आणि तीही पुरली नाहीत. कोकणा-देशावरच्या कितीतरी आयांची मुले तेथे होती. हे सारे मी फार नंतर वाचले. वाचताना एक गोष्ट मनात आली: राजाचा डबा आणि सरकारचे पीठ सर्वांना सारखे मिळते, आणि तसेच ते मिळायला हवे, परंतु त्यावर कोणा एकाचे नाव नसते. घरच्या डब्यावर नाव असते. कोणीतरी ते नाव बसून, सावकाश लिहिलेले असते.

२९ जुलै १९८७ रोजी भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला आणि आपली शांतिसेना समुद्रापलीकडे गेली. दादा सेनेच्या पुरवठा विभागात वाहनचालक होता; त्याची तुकडीही गेली. शांती राखण्यासाठी गेलेल्या त्या सेनेला ऑक्टोबरपासून लढावे लागले. रोज रेडिओवर जाफन्याचे नाव येई. शिधा घेऊन जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेत सुरुंग पेरलेले असत, हे दादाने कधी लिहिले नाही. बाबांनी ते वर्तमानपत्रांतून जाणले आणि आईला सांगितले नाही. १९८७ चा डबा नेहमीप्रमाणे डिसेंबरच्या आरंभी गेला. जानेवारी संपला, पोच आली नाही. आई रोज पोस्टमनची वाट पाही आणि त्याच्या सायकलची घंटा वाजली की दाराआड उभी राही. तार असेल तर ती आपल्या हातात पडू नये, अशी तिची समजूत होती. मार्चमध्ये पत्र आले. डबा राखेच्या बुधवारी, १७ फेब्रुवारीला पोहोचला होता. ‘उपवास होता म्हणून त्या दिवशी फोडला नाही,’ दादाने लिहिले होते, ‘दुसऱ्या दिवशी सर्वांनी नाताळ केला.’ हे पत्र मी वाचीत असताना बाबा प्रथमच आमच्या खोलीत येऊन बसले.

२४ मार्च १९९० रोजी शांतिसेनेची अखेरची तुकडी परतली. सुमारे बाराशे भारतीय जवान तेथून परतले नाहीत. आणि तेथील सामान्य तमिळ माणसे किती मेली, त्यांच्या आयांनाही सण होतेच. त्या वर्षी, आठ वर्षांत प्रथमच, दादाला नाताळात रजा मिळाली. मध्यरात्रीची मिस्सा झाली; घरी आलो; आईने नानकटाईचे ताट पुढे ठेवले. दादाने एक उचलली आणि हातातच धरून राहिला. मग त्याने जे सांगितले, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

१९८८ चा डबा वेळेवर, नाताळच्या दोन दिवस आधी मिळाला होता. नाताळच्या सकाळी त्यांच्या गाड्या जाफना जिल्ह्यातल्या एका खेड्यात थांबल्या. समोर लहानसे चर्च होते. त्या भागात कॅथलिकांची वस्ती मोठी आहे. मिस्सा सुटत होती. दारात आपल्यासारखाच कागदी तारा टांगला होता, आत गव्हाणी दिसत होती. दादाला वाटले, आपण लोहाऱ्यालाच आहोत. त्याने गाडीतून डबा काढला. सात-आठ वर्षांचा एक मुलगा आजीचा हात धरून पायरी उतरत होता. दादाने गुडघ्यावर बसून एक नानकटाई पुढे केली. मुलाने हातही पुढे केला. तेवढ्यात म्हातारीने तो मागे ओढला.

“रागावली नव्हती ती, बाबा,” दादा म्हणाला. “भ्याली होती. मी गळ्यातला क्रूस काढून दाखवला. तिनं क्रूस पायला, मंग खांद्यावरची रायफल पायली. आन् पोराले पदराआड घेऊन निघून गेली.” थोडे थांबून तो पुढे म्हणाला, “आईच्या हातची नानकटाई होती ते. तिच्यात इख असन, असं वाटलं तिले.”

खोलीत कोणी बोलेना. आईने पदर डोळ्यांना लावला. माझ्या मनात त्या अनोळखी म्हातारीविषयी राग दाटून आला, हे मी आज कबूल करते. आपल्या घरची, आपल्या आईने फेसलेली, बाबांच्या अक्षराचा पत्ता मिरवीत समुद्र ओलांडून गेलेली वस्तू. तिचा असा अव्हेर! नवल हे, की बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “तिने बरोबर केले.”

दादाने मान खाली घातली. गणिताच्या उत्तरपत्रिका हातात पडत, तेव्हा तो अशीच मान घालीत असे.

“आणि तू हात पुढे केलास, तेही बरोबर केलेस,” बाबा म्हणाले. “गणितात एका उदाहरणाची दोन उत्तरे निघाली, तर मी एक खोडतो. इथे मला एकही खोडता येत नाही.”

एवढे बोलून त्यांनी ताटातली एक नानकटाई उचलली, मोडली आणि अर्धी दादाच्या हातावर ठेवली. दादाच्या हातात आधीची होतीच. त्याने दोन्ही खाल्ल्या.

त्या रात्रीचा अर्थ लावण्यात माझी अनेक वर्षे गेली. सैनिकाला खाऊ पाठविणाऱ्या घराला वाटते, की त्या डब्याने आपला मुलगा पुन्हा मुलगा होतो. आणि ते खरे आहे, त्याच्या बराकीतल्या चार मित्रांपुरते, त्या एका संध्याकाळपुरते खरे आहे. परंतु ज्यांच्या अंगणात तो उभा असतो त्यांना त्याचा गणवेषच दिसतो, आणि त्यांनी दुसरे काही पाहावे अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. आईने साखरेबरोबर आपले निर्मळ मन पाठविले होते. ते त्या म्हातारीच्या दारापर्यंत पोहोचू शकले नाही. त्यात आईचा दोष नव्हता आणि म्हातारीचाही नव्हता. बाबांचा ‘वेदीवरच्या हातांत बंदूक’ हा प्रश्न इतकी वर्षे मला कठोर वाटे. दादाने गुडघ्यावर बसून तो प्रश्न स्वतःच अनुभवला होता, बाबांना न सांगता, त्यांच्यापेक्षा अधिक जवळून. म्हणूनच कदाचित त्या रात्रीनंतर बापलेकांत पुन्हा शब्द सुरू झाले. फार नव्हे, पीकपाणी, पेन्शन, छपराची कौले. तेवढे पुरले.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली. त्या वर्षीच्या दिवाळीत लोहाऱ्यातल्या दोन आयाबाया डबे घेऊन बाबांकडे आल्या: “गुरुजी, तुमच्या हातचा पत्ता पोचते म्हनतात.” बाबांची बोटे तोवर कापू लागली होती. तरी त्यांनी बिब्बा आणविला.

दादा २००० साली निवृत्त झाला आणि त्याची काळी ट्रंक कायमची घरी आली. लोकरीचे कपडे उन्हात घालावेत म्हणून मी ती उपसली, तेव्हा तळाशी एका वर्तमानपत्रात गुंडाळलेली मांजरपाटाची सात कापडे निघाली. १९८३ पासून १९८९ पर्यंतची. शिवण काळजीपूर्वक उसवलेली, लाखेचे तुकडे काढून टाकलेले, घड्या जपून घातलेल्या. कापडे पिवळी पडली होती. अक्षरे काळीभोर होती. मी ती अंगणात बाजेवर पसरली. बाबा काठी टेकीत आले. ओळीने सातही कापडे त्यांनी पाहिली. दादा विहिरीजवळ उभा होता. तो तेथूनच पाहत होता.

“बिब्बा चांगला टिकला,” बाबा म्हणाले.

“हो, बाबा,” दादा म्हणाला.

बाबा २००४ साली गेले, त्यानंतर तीन वर्षांनी आई. चाचाही राहिले नाहीत. त्यांचा नातू बेकरी चालवितो. भट्टीच्या जागी आता विजेचा ओव्हन आहे आणि पऱ्हाट्यांचा वास नाही. परंतु डिसेंबरात मी जिन्नस घेऊन गेले, की तो पाव उतरेपर्यंत मला स्टुलावर बसवितो, आणि पार्सलाच्या पत्र्याचे पैसे घेत नाही. आमच्या आळीतला एक मुलगा सध्या सैन्यात आहे. तो आमच्या धर्माचा नाही. त्याच्या आईला सांधेदुखीमुळे तूप फेसणे होत नाही, म्हणून तिचा दिवाळीचा डबा आणि आमचा नाताळचा डबा मिळून एकच जातो. पुठ्ठ्याच्या खोक्यावर हल्ली छापील चिठ्ठी चालते. मी मात्र कापड शिवते आणि पत्ता हाताने लिहिते. बिब्ब्याची मला भीती वाटते. बाजारात मिळणाऱ्या पक्क्या शाईच्या पेनावर मी भागविते.

दादा बरोबर येतो. आता त्याचे केस पिकले आहेत आणि गुडघे दुखतात. पत्रा बाहेर आला की तो नानकटाया एकेक करून हातात घेऊन पाहतो. तडा गेलेल्या पण अखंड राहिलेल्या डब्यात, आणि मोडलेल्या बाजूच्या ताटलीत. ताटलीतल्या आम्ही दोघे तेथेच, बेकरीच्या पायरीवर बसून खातो.